एचएल७ मेसेजमध्ये कोड बदलताना डिलिमिटर कसे सांभाळायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या हॉस्पिटलांमध्ये, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये इंटरफेसचं काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. एचएल७ हे अशा प्रणालींनी एकमेकांना मेसेज पाठवायचं प्रमाण, आणि डिलिमिटर म्हणजे मेसेजचे भाग वेगळे करणारी चिन्हं. मेसेज कसा दिसतो आणि मॅपिंग टेबल, म्हणजे एकीकडचा कोड दुसरीकडच्या कोडशी जुळवणारा तक्ता, कसं वापरतात हे माहीत आहे असं गृहीत धरलं आहे. उदाहरणांतली अक्षरं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष मेसेजमध्ये तीच अक्षरं रोमन असतात, आणि एस्केप क्रमातली अक्षरं कॅपिटल.

डिलिमिटर म्हणून नेमकी कोणती चिन्हं वापरतात?

एचएल७ आवृत्ती २ मध्ये पाच. फील्ड वेगळं करायला पाइप |, कंपोनंटसाठी कॅरेट ^, पुनरावृत्तीसाठी टिल्ड ~, एस्केपसाठी बॅकस्लॅश \ आणि सबकंपोनंटसाठी अँड चिन्ह &. आवृत्ती २.७ पासून सहावं चिन्ह आलं, मजकूर तोडल्याची खूण म्हणून हॅश #. ही नेहमीची चिन्हं झाली, सक्तीची नव्हेत. खरी चिन्हं कोणती, ते प्रत्येक मेसेजच्या एमएसएच या पहिल्या सेगमेंटच्या (ओळीच्या) पहिल्या दोन फील्डांत, म्हणजे एमएसएच-१ आणि एमएसएच-२ मध्ये लिहिलेलं असतं, आणि तिथूनच ती वाचायची. सेगमेंट संपवणारा कॅरेज रिटर्न मात्र कुणालाच बदलता येत नाही.

एस्केप क्रम कोणते लक्षात ठेवायचे?

डिलिमिटरचं चिन्ह डेटातच आलं तर त्याऐवजी लिहायचा संकेत म्हणजे एस्केप क्रम. पाइपसाठी \एफ\, कॅरेटसाठी \एस\, अँड चिन्हासाठी \टी\, टिल्डसाठी \आर\, खुद्द बॅकस्लॅशसाठी \ई\. हॅश डिलिमिटर म्हणून जाहीर केला असेल तर त्यासाठी \पी\. बाकी कुठलाही बाइट हेक्समध्ये द्यायचा तर \एक्स..\. फॉर्मॅटेड मजकुरात नवी ओळ \.बीआर\ अशी येते.

एक बारकावा: \एस\ याचा अर्थ 'कॅरेट' नसून 'या मेसेजमध्ये कंपोनंटसाठी जे चिन्ह जाहीर केलंय ते' असा आहे. पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची चिन्हं वेगळी असतील तर एस्केप क्रम जसाच्या तसा पुढे ढकलला की मजकूर बदलतो.

आमचे कोड साधे आहेत. त्यात ही चिन्हं येणार कुठून?

लॅबच्या टेस्ट मास्टरवर एक नजर टाका. कल्चर अँड सेन्सिटिव्हिटीचा कोड 'सी&एस'. युरिन रूटीन अँड मायक्रोस्कोपीचा 'आर&एम'. आपल्याकडे ज्याला सगळे बीएसएल म्हणतात, ती उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर 'बीएसएल एफ&पीपी' अशी नोंदलेली. हे कोड बनवताना एचएल७ कुणाच्या डोक्यात नव्हतं. ते छापील रिपोर्टवर वाचायला सोपे म्हणून ठेवले गेले.

आता ओबीआर-४ मध्ये (ऑर्डरच्या सेगमेंटमधलं टेस्टच्या कोडचं फील्ड) 'सी&एस^कल्चर^एल' असं न एस्केप करता गेलं, तर घेणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या कंपोनंटचे दोन सबकंपोनंट झाले, 'सी' आणि 'एस'. बहुतेक प्रोग्रॅम पहिला सबकंपोनंट उचलतात आणि मॅपिंग टेबलमध्ये 'सी' शोधतात. सापडला नाही तर नशीब चांगलं, कारण निदान एरर तरी येते. 'सी' नावाची दुसरीच टेस्ट मास्टरमध्ये असेल तर मेसेज गुपचूप चुकीच्या टेस्टखाली जमा होतो.

कोडखेरीज युनिट, टेस्टचं वर्णन आणि फाइलचा पत्ता या जागाही तितक्याच बेभरवशाच्या. नेटवर्कवरच्या स्कॅनचा पत्ता \\ ने सुरू होतो. तो मेसेजमध्ये \ई\\ई\सर्व्हर\ई\रिपोर्ट असाच गेला पाहिजे. लॉइंक या लॅब टेस्टच्या कोड पद्धतीतल्या लांब नावांत चौकटी कंसात हॅश असतो: ६६९०-२ या पांढऱ्या पेशींच्या कोडच्या नावात 'प्रति आकारमान संख्या' दाखवायला तो वापरलाय. आवृत्ती २.५ च्या मेसेजमध्ये तो निरुपद्रवी आहे. २.७ मध्ये एमएसएच-२ ला हॅश जाहीर केला असेल तर तोच \पी\ करावा लागतो.

मग कोड बदलण्याचा बरोबर क्रम कोणता?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे.

१. एमएसएच वाचून पाठवणाऱ्याचे डिलिमिटर घ्या.
२. त्या डिलिमिटरांवर मेसेजचे तुकडे करा: सेगमेंट, फील्ड, पुनरावृत्ती, कंपोनंट, सबकंपोनंट.
३. प्रत्येक तुकड्याचा एस्केप उलगडा. 'सी\टी\एस' चं इथे 'सी&एस' होतं.
४. या उलगडलेल्या किमतीवर मॅपिंग टेबलमध्ये शोध घ्या.
५. मिळालेली किंमत घेणाऱ्याच्या डिलिमिटरांप्रमाणे एस्केप करा.
६. तुकडे जोडून मेसेज बनवा.

२ आणि ३ ची अदलाबदल झाली तर सगळं बिघडतं. आधी पूर्ण मेसेजवर एस्केप उलगडला की डेटामधलं & आणि रचनेतलं & यांत फरकच उरत नाही. ४ आणि ५ ची अदलाबदल केल्यावर टेबलमध्ये 'सी\टी\एस' अशा किल्ल्या ठेवाव्या लागतात. असं टेबल एका इंटरफेससाठी चालतं. त्याच लॅबचा दुसरा फीड सीएसव्हीतून किंवा वेब सर्व्हिसवरून सुरू झाला, की त्याच टेस्टसाठी दुसरी नोंद घालावी लागते. टेबलमध्ये कायम माणूस वाचतो तशीच किंमत ठेवावी. एस्केप हा वाहतुकीचा मामला आहे, तो आत येताना आणि बाहेर जातानाच हाताळायचा.

टेबलच्या एका रकान्यात '७१८-७^हिमोग्लोबिन^एलएन' असं तयार लिहून ठेवलं तर काम सोपं होत नाही का?

होतं, आणि म्हणूनच ही चूक सगळीकडे सापडते. त्या किमतीतला कॅरेट रचनेचा आहे की डेटाचा, हे एस्केप करणाऱ्या फंक्शनला कळायला मार्ग नाही. ते इमानेइतबारे '७१८-७\एस\हिमोग्लोबिन\एस\एलएन' करून देतं. मग कुणीतरी वैतागून त्या फील्डपुरतं एस्केपिंग बंद करतं. हिमोग्लोबिनला चालतं, पुढे कधीतरी वर्णनात & असलेली टेस्ट येते आणि वर्णन अर्धं कापलं जातं.

कोड, वर्णन आणि कोड पद्धती असे तीन रकाने वेगळे ठेवा. चौथा कोड पद्धतीच्या आवृत्तीचा असला तर उत्तम, कारण सीडब्ल्यूई या कोडसाठीच्या डेटा टाइपच्या सातव्या कंपोनंटमध्ये तो लागतो. जोडणीचे कॅरेट प्रोग्रॅमने घालायचे, टेबलने नाही.

टेबल एक्सेलमध्ये सांभाळत असाल तर रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच कोड चिकटवा. सीआरपीचा लॉइंक कोड १९८८-५ आहे. एक्सेल तो १९८८ सालचा मे महिना समजतो. क्रिएटिनिनचा २१६०-० सुटतो, कारण शून्यावा महिना नसतो. त्यामुळे अर्धे कोड शाबूत आणि अर्ध्यांच्या तारखा झालेल्या, असं टेबल हाती येतं. वर्डमधून चिकटवलेल्या कोडमध्ये साध्या आडव्या रेघेऐवजी लांब रेघ येते, तीही डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या एका कोडचे पलीकडे दोन कोड होतात. मध्ये टिल्ड टाकून पाठवायचे का?

'बीएसएल एफ&पीपी' हेच उदाहरण घेऊ. उपाशीपोटीच्या साखरेचा लॉइंक १५५८-६, जेवणानंतर दोन तासांच्या साखरेचा १५२१-४. टेबलमध्ये '१५५८-६~१५२१-४' लिहिलं तर एस्केपिंग चालू असताना टिल्डचा \आर\ होईल आणि पलीकडे एकच विचित्र कोड पोचेल. एस्केपिंग बंद असेल तर ओबीएक्स या निकालाच्या सेगमेंटमधल्या टेस्ट कोडच्या फील्डात, ओबीएक्स-३ मध्ये पुनरावृत्ती येईल, आणि ओबीएक्स-३ ला पुनरावृत्तीची परवानगी नाही. घेणारा बहुधा पहिला कोड ठेवून दुसरा सोडून देईल.

अशा ठिकाणी दोन ओबीएक्स सेगमेंट बनवायचे, ओबीएक्स-१ मधला क्रमांक वाढवत न्यायचा आणि कुठली किंमत कुठल्या कोडची, ते तर्काने ठरवायचं. मॅपिंग टेबलचं काम इथे संपतं. पुढचं काम प्रोग्रॅमचं.

युनिटमधल्या १०^३ चं काय करायचं?

सीबीसीच्या निकालात हमखास दिसणारी अडचण. मशीन पांढऱ्या पेशींसाठी '१०^३/यूएल' असं युनिट देतं. न एस्केप केलेली ओळ अशी दिसते:

ओबीएक्स|१|एनएम|६६९०-२^टोटल काउंट^एलएन||७.२|१०^३/यूएल|४-११||||एफ

ओबीएक्स-६ हे युनिटचं, कंपोनंट असलेलं फील्ड आहे. त्यामुळे युनिटचा कोड झाला '१०' आणि वर्णन झालं '३/यूएल'. डॉक्टरांच्या स्क्रीनवर '७.२ १०' असं काहीतरी उमटतं. मेसेज व्याकरणाने शुद्ध असल्यामुळे पलीकडून एए (मेसेज स्वीकारला) अशी पोच येते आणि इंटरफेसच्या लॉगमध्ये सगळं हिरवं दिसतं.

'१०\एस\३/यूएल' हे बरोबर उत्तर. त्याहून बरं उत्तर म्हणजे युनिट '१०*३/यूएल' असं मॅप करणं. यूकम या युनिट लिहिण्याच्या पद्धतीत १०* आणि १०^ दोन्ही रूपं वैध आहेत, पण तारांकन एचएल७ मध्ये डिलिमिटर नाही, त्यामुळे वाटेतल्या एखाद्या अडाणी प्रोग्रॅमनेही ते मोडत नाही. जिथे निवड आपल्या हातात आहे तिथे डिलिमिटर नसलेलं रूप निवडावं.

युनिट बदलताना आकड्याकडेही लक्ष हवं. आपल्या लॅब प्लेटलेट 'लाख प्रति क्युबिक मिलिमीटर' मध्ये छापतात. मशीनचे २५० गुणिले १०*३/यूएल म्हणजे २.५ लाख. क्युबिक मिलिमीटर आणि मायक्रोलिटर आकाराने एकच, पण लाखाचं युनिट लावून २५० तसेच ठेवले तर रिपोर्ट शंभरपट चुकतो. ओबीएक्स-५ मधल्या निकालाबरोबर ओबीएक्स-७ मधली नॉर्मल रेंजसुद्धा बदलायची असते, आणि ती हटकून विसरली जाते.

वायडलचा १:८० किंवा '<५' असे निकाल एस्केप करायचे का?

ओबीएक्स-२ मध्ये निकालाचा डेटा टाइप काय आहे ते बघा. एसएन (चिन्हासह आकडा) असेल तर '<^५' आणि '^१^:^८०' यातले कॅरेट रचनेचे आहेत, त्यांना हात लावू नका. एसटी असेल तर साधा मजकूर, नेहमीचा नियम.

ॲनालायझर एएसटीएममध्ये, म्हणजे लॅबच्या मशीनच्या संदेशपद्धतीत बोलतो. तिथली चिन्हं तीच दिसतात, मग वेगळं काय?

दिसतात तीच, कामं वेगळी. एएसटीएमच्या हेडर रेकॉर्डची सुरुवात 'एच|\^&' अशी असते. इथे पुनरावृत्तीसाठी बॅकस्लॅश आणि एस्केपसाठी अँड चिन्ह. एचएल७ मध्ये बॅकस्लॅश एस्केप आणि अँड चिन्ह सबकंपोनंट. म्हणजे दोन चिन्हांच्या भूमिका पूर्ण बदललेल्या.

मशीनने 'सी&एस' हा कोड नियमाने एस्केप करून पाठवला तर तो 'सी&ई&एस' असा येतो. मिडलवेअरने (मधल्या सॉफ्टवेअरने) ही अक्षरं तशीच एचएल७ मध्ये उतरवली की तीन सबकंपोनंट तयार होतात. उलट दिशेने ऑर्डर पाठवताना '^^^ग्लू\^^^युरिया' अशी दोन टेस्टची यादी असते. तिला एचएल७ चा एस्केप समजून उलगडणारा प्रोग्रॅम दुसरी टेस्ट गिळतो. (टेस्टचा कोड चौथ्या कंपोनंटमध्ये असतो. आधीचे तीन कॅरेट चुकून आलेले नाहीत, ते काढून टाकू नका.)

दोन्ही बाजूंना स्वतंत्र पार्सर हवा, मध्ये उलगडलेल्या किमती. थेट अक्षरं बदलून एका पद्धतीतून दुसरीत जायचा सोपा रस्ता नाही.

स्क्रीनवर 'सी\टी\एस' दिसतंय. चूक पाठवणाऱ्याची की घेणाऱ्याची?

स्क्रीनवरून ठरवता येत नाही. तारेवरून गेलेला कच्चा मेसेज काढा.

तिथे 'सी\टी\एस' असेल तर पाठवणारा बरोबर आहे, घेणाऱ्याने उलगडलं नाही. तिथे 'सी\ई\टी\ई\एस' असेल तर वाटेत दोनदा एस्केप झालंय: आधीच एस्केप असलेली किंमत कुणीतरी पुन्हा एस्केप केली. घेणाऱ्याने ते एकदा उलगडून 'सी\टी\एस' दाखवलं, म्हणजे त्याचं काम चोख आहे. 'सी&एएमपी;एस' दिसलं तर मेसेज कुठेतरी एक्सएमएलमधून गेलाय आणि तिथला एस्केप परत काढलेला नाही.

इंटरफेस इंजिनमध्ये (मेसेज घेऊन पुढे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोनदा एस्केप होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गैरसमज. काही इंजिनं आणि लायब्ऱ्या फील्ड वाचताना स्वतःच एस्केप उलगडून देतात आणि लिहिताना पुन्हा लावतात. हॅपी ही जावा लायब्ररी त्यातली. काही ठिकाणी कच्चीच किंमत हातात येते, आणि ते पार्सरच्या सेटिंगवर अवलंबून असतं. माहितीपुस्तिका चाळण्यापेक्षा तपासून बघणं लवकर होतं: 'अ\टी\ब' असलेला मेसेज सोडा, फील्ड वाचून त्याची लांबी लॉग करा. तीन आली तर उलगडलेलं, पाच आली तर कच्चं. हे इंजिनच्या प्रत्येक मोठ्या अपग्रेडनंतर पुन्हा करा.

एस्केप उलगडायला पाच वेळा फाइंड-रिप्लेस केलं तर पुरत नाही का?

नाही, आणि क्रम कसाही लावला तरी नाही. तारेवर \ई\टी\ई\ आलंय असं धरा. बरोबर अर्थ: बॅकस्लॅश, 'टी' अक्षर, बॅकस्लॅश. आता आधी \ई\ बदलला तर \टी\ तयार होतं आणि पुढच्या फेरीत त्याचं & होतं. चुकलं. उलट आधी \टी\ शोधला तर तो या ओळीच्या पोटात सापडतोच (पहिल्या क्रमाचा शेवटचा बॅकस्लॅश, 'टी', दुसऱ्याचा पहिला बॅकस्लॅश), आणि हाती येतं \ई&ई\. हेही चुकलं.

डावीकडून उजवीकडे एकदाच जायचं. बॅकस्लॅश दिसला की पुढचा बॅकस्लॅश शोधायचा, मधली अक्षरं बघून बदल करायचा आणि त्यापुढून चालू ठेवायचं. जोडीदार न सापडलेला बॅकस्लॅश आला तर तो तसाच ठेवून इशारा नोंदवा. मेसेज टाकून देऊ नका.

एस्केप लावताना मात्र फाइंड-रिप्लेस चालतं, अट एकच: बॅकस्लॅश सगळ्यात आधी. तो नंतर घेतला तर & चा झालेला \टी\ पुन्हा एस्केप होऊन \ई\टी\ई\ बनतो.

कॉलमच्या लांबीसाठी मजकूर कापायचा असेल तर एस्केप लावण्याआधी कापा. नंतर कापलं तर कात्री कधीतरी \टी\ च्या मधोमध पडते आणि एकटा बॅकस्लॅश मागे राहतो.

कोड लिहिताना भाषेचे काही खास धोके?

जावात स्प्लिट फंक्शन रेग्युलर एक्स्प्रेशन घेतं. पाइप तसाच दिला तर एकेक अक्षर सुटं होतं, कॅरेट दिला तर काहीच तुटत नाही. शिवाय ते शेवटची रिकामी फील्डं टाकून देतं; दुसरा आकडा ऋण दिला की ठेवतं. रिप्लेसऑलमध्ये बदलीच्या मजकुरातले बॅकस्लॅश गिळले जातात, म्हणून साधं रिप्लेस वापरा. जावास्क्रिप्टमध्ये उलटं: रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिली तर ते फक्त पहिलं & बदलतं, 'ए&बी&सी' मधलं दुसरं तसंच राहतं.

आणि शक्य तिथे यातलं काहीच हाताने लिहू नका. तयार पार्सर वापरा.

एमएसएच-२ सुद्धा एस्केप करायचं असतं का?

कधीच नाही. सगळ्या फील्डांवर सरसकट एस्केप फंक्शन फिरवलं की एमएसएच-२ चं \एस\\आर\\ई\\टी\ होतं आणि पलीकडचा पार्सर पहिल्याच ओळीला मान टाकतो. एक्सएमएलमधून गेलेल्या मेसेजमध्ये एमएसएच-२ च्या शेवटी & ऐवजी '&एएमपी;' आलेलं असतं, तेही तपासा. फील्ड मोजताना एमएसएच-१ म्हणजे तो पाइपच हे विसरलं, तर पुढचे सगळे क्रमांक एकाने घसरतात.

आयसीडी-११ आणि स्नोमेड सीटीमध्ये ही चिन्हं कोडचाच भाग आहेत असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. आयसीडी-११ ही आजारांच्या कोडची पद्धत १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यात कोड जोडून क्लस्टर करता येतो. दोन स्टेम (मूळ आजाराचे) कोड तिरक्या रेघेने जोडतात, उदाहरणार्थ ड्युओडेनल अल्सर आणि तीव्र रक्तस्राव यासाठी डीए६३.झेड/एमई२४.९०. स्टेमला एक्सटेंशन कोड मात्र & ने जोडतात. डीजी१-३ मध्ये (निदानाच्या कोडचं फील्ड) असा क्लस्टर पाठवताना ते & \टी\ झालंच पाहिजे, नाहीतर एक्सटेंशन गळून फक्त मूळ आजार उरतो. डावा की उजवा, किती तीव्र, ही माहिती तिथेच असते. आयसीडी-१० वर बेतलेल्या जुन्या इंटरफेसमध्ये ही वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे तिथलं एस्केपिंग कुणी तपासलेलं नसतं.

स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोड पद्धतीच्या लिखाणात संज्ञा पाइपांमध्ये लिहायची पद्धत आहे: २२२९८००६ |मायोकार्डियल इन्फार्क्शन|. ब्राउझरमधून हे अख्खं कॉपी करून टेबलच्या कोड रकान्यात चिकटवलं की मेसेजमध्ये दोन जादा फील्डं तयार होतात. कोडच्या रकान्यात फक्त आकडे ठेवा, संज्ञा वर्णनाच्या रकान्यात, पाइपांशिवाय. भारतात स्नोमेड सीटीचं काम पाहणारं राष्ट्रीय केंद्र, एनआरसीईएस, पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे.

रुग्णांची नावं मराठीत असतील तर डिलिमिटर बिघडतात का?

यूटीएफ-८ मध्ये नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि ते सगळे बाइट साध्या चिन्हांच्या पट्ट्याबाहेरचे, त्यामुळे पाइप किंवा कॅरेटशी गल्लत होऊच शकत नाही. एमएसएच-१८ या अक्षरपद्धतीच्या फील्डात 'युनिकोड यूटीएफ-८' जाहीर करा, म्हणजे झालं.

यूटीएफ-१६ मध्ये मात्र तारांबळ उडते. 'द' चा क्रमांक हेक्समध्ये ०९२६, आणि २६ म्हणजे &. 'ज' चा ०९१सी, आणि १सी हा एमएलएलपीमध्ये (नेटवर्कवरून मेसेज पाठवायची पद्धत) मेसेज संपल्याचा बाइट. 'ऋ' चा ०९०बी, आणि ०बी म्हणजे मेसेजची सुरुवात. 'ऍ' मध्ये तर कॅरेज रिटर्नच बसलाय. बाइट मोजणाऱ्या पार्सरपुढे ऋतुजा, जयश्री, दत्तात्रय ही नावं आली की मेसेज अधेमधे तुटतो, बाकीची नावं सुखरूप जातात, आणि चूक शोधणारा नेटवर्कला दोष देत बसतो. एमएलएलपीवर यूटीएफ-१६ पाठवूच नका.

मॅपिंगच्या किल्ल्या मराठीत ठेवणं टाळावं. 'ऱ्य' हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र' आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. दिसायला सारखी, जुळवायला वेगळी. किल्ली मराठी ठेवावीच लागली तर शोधण्यापूर्वी दोन्ही रूपं एका रूपात आणा.

टेबलमध्ये कोड सापडला नाही तर काय पाठवायचं?

स्थानिक कोड तसाच पाठवा, कोड पद्धतीच्या जागी 'एल' किंवा ९९ ने सुरू होणारं आपलं ठरलेलं नाव लावा, आणि नोंद रांगेत टाका. सापडला तरी स्थानिक कोड फेकू नका. लॉइंक पहिल्या तीन कंपोनंटमध्ये, स्थानिक कोड चौथ्या ते सहाव्या कंपोनंटमध्ये, अशी सोय सीई आणि सीडब्ल्यूई या दोन्ही डेटा टाइपांत आहे. पुढे मॅपिंग चुकल्याचं लक्षात आलं तर जुने निकाल याच आधारावर दुरुस्त होतात.

रिकामं फील्ड आणि दोन अवतरण चिन्हं "" यांत फरक आहे. रिकामं म्हणजे काही सांगायचं नाही. "" म्हणजे आधीची किंमत पुसा. "" ला टेबलमध्ये शोधायला जाऊ नका, तसंच पुढे द्या.

एबीडीएमसाठी फायर वापरणार आहोत. मग ही कटकट संपते ना?

एबीडीएम (आयुष्मान भारत डिजिटल मिशन) हे एचएल७ च्याच फायर या प्रमाणाच्या आर४ आवृत्तीवर आहे, आणि त्यातल्या जेसन या मजकूर-रचनेत & किंवा ^ ला विशेष अर्थ नाही. तरी तीन ठिकाणं उरतात. बॅकस्लॅश जेसनमध्ये दुप्पट लिहावा लागतो. शोधाच्या पत्त्यात कोड पद्धती आणि कोड यांच्यामध्ये पाइप असतो, म्हणून किमतीतला पाइप, स्वल्पविराम किंवा डॉलर असेल तर त्याआधी बॅकस्लॅश द्यायचा, आणि वर पुन्हा पत्त्याचं टक्केवारी एन्कोडिंग करायचं. तिसरं, रक्तगट 'ए+' पत्त्यात तसाच टाकला तर + ची मोकळी जागा होते आणि काहीच सापडत नाही.

एचएल७ वरून फायरकडे जाताना एस्केप आधी उलगडा. कोडिंगमध्ये 'सी\टी\एस' साठवलं गेलं, तर कन्सेप्टमॅपवरचं (फायरमधलं मॅपिंग टेबल) ट्रान्सलेट ऑपरेशन जुळणी नाही असंच सांगणार.

तपासणीसाठी कुठला मेसेज वापरावा?

नेहमीचे नमुना मेसेज सज्जन असतात, त्यांच्यात ही चिन्हं नसतात. चाचणी सर्व्हरवर एक मुद्दाम बनवलेला रुग्ण ठेवा आणि त्याच्या निकालाच्या वर्णनात 'अ|ब^क~ड\इ&फ#' घाला. एक कोड 'सी&एस', एक युनिट '१०^३/यूएल', एक फाइलचा पत्ता, दोन ओळींचा शेरा, एक '^१^:^८०', एक "". पलीकडच्या डेटाबेसमध्ये काय साठलं ते अक्षर-अक्षर जुळवा. स्क्रीन बघून समाधान मानू नका, कारण ब्राउझर काही चिन्हं स्वतःच बदलून दाखवतो. मग तोच मेसेज एमएसएच-२ मधली चिन्हं बदलून पुन्हा पाठवा. चिन्हं कोडमध्ये कायमची ठोकलेली असतील तर ती इथे उघडी पडतात.

दोन ओळींच्या शेऱ्याकडे विशेष लक्ष द्या. त्यातली नवी ओळ कच्चा कॅरेज रिटर्न म्हणून गेली की दुसरी ओळ नवा सेगमेंट ठरते. आणि \.बीआर\ बरोबर घातलेला असताना एस्केप फंक्शनने त्याचं \ई\.बीआर\ई\ केलं, तर डॉक्टरांना ते चिन्हच वाचायला मिळतं.

चालू इंटरफेसमध्ये आधीपासून घोळ झालाय का, हे कसं शोधायचं?

एए पोच मोजून कळणार नाही. साठवलेल्या मेसेजमध्ये चार गोष्टी शोधा: ओबीएक्स-६ चा पहिला कंपोनंट नुसता '१०' आहे का, ओबीआर-४.१ किंवा ओबीएक्स-३.१ मध्ये दुसरा सबकंपोनंट आहे का; कुठेही \ई\टी\ई\ किंवा '&एएमपी;' आहे का; आणि प्रमाणात नसलेल्या, झेडनेही (खासगी सेगमेंटची खूण) न सुरू होणाऱ्या नावाचा सेगमेंट आलाय का. मग डेटाबेसमध्ये बॅकस्लॅश असलेली टेस्टची नावं काढा. पहिल्या दोन प्रकारांत सापडलेल्या निकालांची यादी दुरुस्तीआधी लॅबच्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. कुठले निकाल चुकीच्या टेस्टखाली किंवा चुकीच्या युनिटने वाचले गेले असतील, हे ठरवणं त्यांचं काम आहे. दुरुस्त मेसेज पाठवताना ओबीएक्स-११ या निकालाच्या स्थितीच्या फील्डात 'एफ' (अंतिम) ऐवजी 'सी' (दुरुस्त) लावा, म्हणजे निकाल बदलल्याचं पलीकडे कळतं.